रविवारी दहा वाजता

"मोजा, पत्रकार. काय काय थांबलं?"

रविवारी सकाळी दहाला घराचा मेन स्विच खाली ओढून काका मला हे विचारायचे. चंडीगडजवळच्या खरडमधल्या आमच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर, ते माझ्या समोर राहत. चंडीगडला बदली होऊन आले, विजेचा भार सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षातून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. बोली मात्र अकोल्याचीच.

मी मोजायचो: पंखा, फ्रिज, वायफाय.

"अन् पाणी? ते पंप चढवते. पंपाले जनरेटर, जनरेटरले डिझेल, डिझेलले ट्रक. एक सोय टिकवाले दुसरी लागते, दुसरीले तिसरी. वाढतच जाते बाप्पा. अन् एक दिवस एवढ्या साऱ्यांले वीज पुरलीच नाही तर?"

"शेगडी विजेची आहे," काकू आतून म्हणायच्या. "आता चहाचंही भारनियमन का?"

आम्ही हसायचो. ते हसत नसत. लिफ्टही वापरत नसत.

मग काकूंच्या फुप्फुसांचा आजार बळावला. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, चोवीस तास चालणारं. त्या रविवारी ते दहाला स्विचपाशी गेले, हात वर नेला आणि मागे घेतला. दुपारी पाहिलं, तर स्विचवर चिकटपट्टी आडवी लावलेली होती.

जूनमध्ये एका दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू झाला आणि काही मिनिटांत बंद पडला. मशीन एकसारखं किंचाळू लागलं. त्यांनी काकूंची नळी ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरला जोडली. मी खाली गार्डला फोन केला.

"डीज़ल मँगवाया है जी. आ रहा है."

सिलिंडरचा काटा उतरत होता. काकूंनी त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं.

"म्या अख्खी गावं बंद केली, पत्रकार," ते काट्यावरची नजर न काढता म्हणाले. "भार कमी कराले. यादी पाहून. कोणाच्या घरी मशीन आहे, ते पडद्यावर दिसत नव्हतं."

काटा लाल पट्ट्यात शिरल्यावर वीज आली. मशीन घरघरू लागलं. ते फरशीवरच बसले. बराच वेळ उठले नाहीत.

काकू हिवाळ्यात गेल्या, हॉस्पिटलमध्ये. ते अकोल्याला मुलाकडे निघाले, त्या दिवशी सामान खाली गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. नखाने चिकटपट्टी सोलली. स्विच खाली ओढला.

"मोजा."

मी कान दिला. भिंतींपलीकडे शेजाऱ्यांची घरं चालू होती.

"काहीच थांबलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, बॅग उचलली आणि उघड्या लिफ्टसमोरून जिन्याकडे गेले.