एकशे चौदा रेघा

चहाचा घोट आधी गिळून घ्या. मागे एकीला हा किस्सा सांगत होते, तर तिने सगळा चहा माझ्या कुर्त्यावर उडवला. कुर्त्याची काही चूक नव्हती. आतल्या मुलीची होती.

टाळेबंदीतली गोष्ट. मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. म्हणजे बघा, जगात विषाणूने धुमाकूळ घातलाय आणि विषाणूंवरचा धडा पाठ असलेली मुलगी गावाला निघालीय! हरिहरेश्वरच्या अलीकडचं आमचं गाव आता वाचणार, याबद्दल मला काडीची शंका नव्हती. पास काढून आले, शाळेच्या खोलीत चौदा दिवस एकटी राहिले आणि पंधराव्या दिवशी गाव सुधारायला बाहेर पडले.

काय काय बघावं लागलं! मास्क हनुवटीला. गळ्यात कापराची पुरचुंडी. एक आजोबा मला म्हणाले, "आमच्याकडं दर्याचा वारा हाय, आपल्याला काय व्हत न्हाय." वारा! मी त्यांना उभ्या उभ्या वीस मिनिटं समजावलं. दहाव्या मिनिटाला ते निघून गेले होते, हे मला विसाव्या मिनिटाला कळलं.

घरी बाबा एकटे. आई माणगावला ताईच्या बाळंतपणाला गेली आणि तिकडेच अडकली. बाबा निवृत्त शिक्षक, सगळ्या गावाचे गुरुजी. त्यांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्स. हाताची थरथर लोकांना दिसते, पण खरा छळ वेगळाच. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. माणूस मनाने पुढे निघालेला असतो, पाय येत नाहीत. आवाज खोल गेलेला, एक वाक्य बाहेर यायला वेळ लागतो. चेहरा तर सदा स्थिर. राग नाही, हसू नाही, आत काय चाललंय ते बाहेर उमटतच नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं बरं का! फेसबुकवर मी त्यावर लांबलचक लिहिलंही होतं. 'अशा रुग्णाला बोलायला वेळ द्या' हे ठळक अक्षरांत. शंभरेक लोकांना आवडलं होतं.

फक्त मला स्वतःला वेळ नव्हता. गाव वाचवायचं होतं ना! त्यामुळे बाबांचं वाक्य मीच पूर्ण करून टाकायचे.

"आज मी जरा..."

"जरा पडताय? पडा, पडा. मी आलेच."

पहिल्याच दिवशी हुकूम सोडला, "बाबा, तुमचं वय काय, आजार काय! उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा स्थिर. मी तो होकार धरला. आणखी काय धरणार?

मग गेले काशीनाथकाकांच्या दुकानात. आमच्यापासून चार घरं सोडून. दुकानापुढे चुन्याने गोल आखलेले, सहा-सहा फुटांवर. म्हटलं, चला, एक तरी शहाणा निघाला! आणि तेवढ्यात दिसल्या त्या रेघा. गोलांच्या शेजारून, रस्त्याच्या कडेने, आडव्या, चुन्याच्याच. एकीपासून दुसरी जेमतेम फूटभर लांब!

"काका, हे काय आहे?"

"रेघा."

"ते दिसतंय मला. दोन माणसांत सहा फूट पाहिजेत. तुम्ही एकेका फुटावर माणसं उभी करणार?"

"अगं बाय, त्या रांगेच्या न्हाईत त्या..."

"मग काय, नक्षी काढलीत?"

"तुला घरात कुनी काय सांगितला न्हाय?"

"मला घरात कोण काय सांगणार? हा विषय मी शिकतेय काका!"

काका गप्प झाले. एकदा आमच्या घराच्या दिशेने बघितलं आणि मान खाली घालून साखर तोलायला लागले. बघा! चोरी पकडली गेली की माणूस असाच गप्प होतो, नाही का? असं मला त्या वेळी वाटलं. तुम्ही मान हलवू नका, तुम्हाला पुढचं अजून माहीत नाही.

मी रेघांचा माग काढत निघाले. एक घर, दुसरं घर, वळण, वळणानंतरही रेघा चालूच. आणि शेवटची रेघ कुठे होती म्हणता? आमच्या फाटकात!

माझं डोकंच फिरलं. म्हणजे या माणसाने दुकानाची रांग थेट आमच्या दारापर्यंत आणायचं ठरवलंय! फूटफूट अंतरावर उभी सगळी गर्दी, खोकणारी, शिंकणारी, आणि टोकाला माझे आजारी बाबा!

घरातून खराटा घेतला. आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी. दोन दिवसांचं साठवलेलं पाणी बादल्या बादल्या रस्त्यावर ओतलं आणि भर उन्हात एकेक रेघ घासायला लागले. एका हाताने खराटा, दुसऱ्या हाताने मोबाईलवर व्हिडिओ. जागृती नको का व्हायला?

बाबा पडवीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी हात वर केला.

"अगं, त्या रे..."

"रेघा ना? बघा कशा जातायत!"

"त्या मा..."

"माहितीये मला, बाबा! माणसं ऐकत नाहीत, आपणच हातात घ्यावं लागतं."

त्यांचा हात वरच राहिला, थरथरत. मीही हात हलवला. आणि व्हिडिओत सांगितलं, "बघा, माझ्या बाबांनीसुद्धा हात वर करून पाठिंबा दिलाय."

संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर टाकलं: 'एकशे चौदा बेजबाबदार रेघा पुसल्या. तुम्ही काय केलंत?' सरपंचांनी पुष्पगुच्छाचं चित्र पाठवलं. काशीनाथकाकांनी काहीच पाठवलं नाही. मला गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या मंडळाच्या ऑनलाइन बैठकीत बसले होते. विषय, 'मी माझं गाव कसं बदललं'. मी बोलायला लागते न लागते तोच बाहेर टेम्पोचा हॉर्न. एकदा, दोनदा, मग सलग. वैतागून बाहेर आले.

रस्त्याच्या मधोमध बाबा. हातात पिशवी. पाय जमिनीला खिळलेले, अंग पुढे झुकलेलं, आता पडतील की मग, अशी अवस्था. पुढ्यात मासळीचा टेम्पो. चारी बाजूंना सात-आठ माणसं, प्रत्येक जण बाबांपासून बरोब्बर सहा फुटांवर उभा राहून सल्ला देतोय. सहा फूट त्यांना कोणी शिकवलं होतं, ते विचारू नका.

मी धावत जाऊन बाबांचा दंड धरला आणि ओढलं. बाबा आणखी पुढे झुकले.

"ओढू नको!" काशीनाथकाका दुकानातून ओरडत आले. "पडतील गं ते! सर बाजूला!"

काकांनी आपला पाय बाबांच्या पायापुढे आडवा ठेवला. नुसता ठेवला. "गुरुजी, ह्याच्यावरनं."

आणि बाबांनी पाय उचलला! काकांच्या पायावरून पलीकडे टाकला, अगदी सहज, जणू काही झालंच नव्हतं.

"आडवा काय दिसला का पाय सुटतो त्यांचा," काका धापा टाकत म्हणाले. "माज्या गोलांवर आले तवा बघितला मी. गोल लांब पडत व्हते, म्हनून त्यांचा पाऊल मापून रेघा मारल्या. रोज दहाची गोळी घ्यायचे, अर्ध्या तासानं एकटे यायचे, पाव घ्यायचे, एकटे जायचे. आठ म्हयन्यांत पहिल्यांदा कुनाचा हात न धरता! तुला सांगू नको म्हनाले, तू फोनवरनं घराबाहेर पडू नका म्हनून वरडत व्हतीस."

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. आता सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

पार्किन्सन्सच्या माणसाला जमिनीवरच्या आडव्या पट्ट्यांचा आधार होतो, हे तर मी वाचलंही होतं. पण मी तेव्हा पुढचं पान उलटायच्या घाईत असणार. सातवी शिकलेल्या माणसाने नुसतं उभं राहून बघितलं आणि त्याला कळलं. आणि मी? पदवीधर खराटा!

"चला बाबा, घरी जाऊ," मी म्हटलं.

बाबांचे ओठ हलले. मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा परत मिटलं. थांबले. किती वेळ गेला माहीत नाही. टेम्पोतला बर्फ वितळत होता.

"पाव... आणायचाय," बाबा म्हणाले.

मग मी माझा पाय आडवा ठेवला. त्यांनी तो ओलांडला. मी पुढे जाऊन परत ठेवला. त्यांनी परत ओलांडला. तशा चालीने वळण, दोन घरं, दुकान. मागून टेम्पो वरातीसारखा हळूहळू, आणि सहा-सहा फुटांवर अख्खी आळी. पुण्यातली बैठक चालूच राहिली होती. मोबाईल पडवीत ठेवलेला, त्यामुळे मंडळाला नुसतं आमचं कपाट दिसत होतं. माझ्या भाषणापेक्षा ते बरं होतं, असं नंतर एकाने कळवलं.

दुपारी काकांनी चुन्याची बादली आणि कुंचा माझ्या हातात दिला. "पुसल्यास तू, मार आता तूच."

मारल्या. भर उन्हात, गुडघ्यांवर बसून, दुकानापासून फाटकापर्यंत. गुडघे कुरकुरले, पण वेग बघा माझा! काकांना दोन दिवस लागले होते म्हणे, मी तासाभरात उरकलं. एकशे चौदाच्या जागी एकसष्टच रेघांत काम झालं, म्हणून मनातल्या मनात काकांना थोडी हसलेसुद्धा.

आळी बघायला जमली. बाबा काठी टेकत फाटकात आले. पहिल्या रेघेवर उभे राहिले. दुसऱ्या रेघेकडे बघितलं. पाऊल टाकलं. ते अर्ध्यातच पडलं. रेघ अजून तितकीच लांब.

मी माझी पावलं मापली होती.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलायला लागले. सगळी आळी थांबली, मीही थांबले. चुन्याचा हात तसाच धरून, एक अक्षरही मध्ये न घालता, पूर्ण वाक्य बाहेर यायची वाट बघत.

वर्गात फळ्यावरचं गणित चुकलं की ज्या आवाजात सांगायचे, त्याच आवाजात बाबा म्हणाले,

"पुस."