नसलेल्या बांधीतलं शून्य

माझी नोकरी नागपूरची, प्रोग्रॅम लिहायची; पण काम सध्या आसगावच्या घरूनच चालतं. आकडे अ‍ॅरेत, म्हणजे ओळींच्या तक्त्यात, भरायचे तर सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या लागतात. कॉम्प्युटरला लहानमोठं खपत नाही. ओळ तोकडी पडली की शेवटी शून्यं लावायची, त्याला आम्ही पॅडिंग म्हणतो. हे मी हजारदा केलंय, अगदी डोळे मिटून. तिथंच घात झाला.

त्या वर्षी गावतलावात पाणी कमी होतं, आणि धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलं होतं. पाण्याची पाळी आधी कोणाची, यावरून रोज कटकट. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, यादी मी काढून देते! प्रत्येकानं आपल्या एकेका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, रोज बोटांनी पाणी मोजायचं नि वहीत लिहायचं. माझ्या अ‍ॅरेला तीन बाजू: शेत, बांधी, दिवस. ज्याची सरासरी सगळ्यात कमी, त्याची पाळी पहिली.

आमच्या बांध्या तीन, शेजारच्या काकूंच्या आठ. प्रोग्रॅम अडला. मी आमच्या तीन बांध्यांपुढे पाच शून्यं लावली आणि चहा प्यायला गेले.

यादीत पहिले आम्हीच आलो. पाणी आमच्या शेतात सुटलं, आणि तासाभरात काकू अंगणात उभ्या.

"माह्या आठही बांध्यांत तीन-तीन बोटं पानी. तुमच्यात सहा-सहा. पोट्टीनं आपल्या बापालेच पयले देल्लं ना!"

मी भडकलेच. "कॉम्प्युटर कोणाचा बाप ओळखत नाही, काकू!"

बाबा उठले. फावडं घेऊन शेतावर गेले आणि बांधीचं तोंड मातीनं बंद करून आले. गावात त्यांच्या शब्दाला मान होता, तो माझ्यामुळे जात होता. पाय न धुताच ते माझ्यासमोर बसले.

"काहून असं आलं, सांग."

रागातच लॅपटॉप उघडला. आमची तीन बांध्यांची अठरा बोटं मी आठानं भागली होती. सरासरी सव्वादोन. काकूंची तीन. माय वं! शरमेनं माझे कान तापले. बाबांना ती पाच शून्यं दाखवली.

"शून्य म्हंजे कोरडी बांधी," ते म्हणाले. "जे बांधीच नाही, तिच्यात शून्य कायले टाकलं तू?"

सात वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी त्या जागांवर 'मोजू नका' अशी खूण केली, सरासरी पुन्हा काढली, आणि काकूंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "चूक होते वं. पन माही पाळी लाव आता." नव्या यादीत त्या पहिल्या होत्या. आम्ही शेवटचे.

आमची पाळी येईपर्यंत तलाव तळाला गेला होता. पाणी दोन बांध्यांपुरतं पुरलं. तिसरीला भेगा पडल्या, तिथलं धान पोचट निघालं. बाबांनी कोणाला बोल लावला नाही, मलाही नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

भेगा दिसल्या त्याच संध्याकाळी त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. तिसऱ्या बांधीसमोर त्यांच्या हातचं गोल, ठसठशीत शून्य होतं.

"हे खरं हाय," ते म्हणाले. "हे टाक."

मी टाकलं, आणि तिथंच बसून रडले.