मामांचा डाव्या वळणांचा लूप

सायकलीवर न बसता इतकी सायकल चालवलेला माणूस माझ्या नवऱ्याच्या मामांखेरीज उभ्या इंग्लंडात दुसरा सापडायचा नाही. गेली अकरा वर्षं ते लेस्टरच्या घरी डायनिंग टेबलावर नकाशा पसरून एकच फेरी आखत होते. मार्केट हार्बरो या गावापर्यंत सायकली गाडीवर लादून न्यायच्या, तिथून जुने रूळ उखडून केलेल्या सायकलवाटेनं दक्षिणेला जायचं, आणि खेड्यापाड्यांच्या रस्त्यांनी वळसा घेऊन चहाच्या वेळेला परत. पस्तीस मैल! आमच्या ऑफिसातली पोरं एवढं अंतर रविवारी ब्रेकफास्टआधी उरकतात. पण मामांचा फोनवर विश्वास नाही. मामींच्या शिवणाच्या डब्यातला दोरा प्रत्येक वळणावर टाचणी टोचून नकाशावर बसवायचा, मग सरळ करून पट्टीवर मोजायचा, ही त्यांची पद्धत. टॉयलेटं निळ्या पेन्सिलीनं, चढ लाल, बसायचे बाक हिरवे. एका खेड्यातला बाक दुपारी उन्हात असतो की सावलीत, हे विचारायला त्यांनी तिथल्या पॅरिश कौन्सिलला, म्हणजे ग्रामपंचायतीला, चक्क पत्र लिहिलं होतं. कमाल म्हणजे उत्तर आलं! "सावलीत, पण जूनमध्ये नाही." ते पत्र मामांनी फाइलला लावून ठेवलंय.

निघायचं मात्र नाव नको. कधी वारा पश्चिमेचा, कधी बँक हॉलिडेची गर्दी, कधी मामींच्या भिशीचा दिवस. "मामा, लग्नाचे मुहूर्तसुद्धा याच्याआधी निघतात," असं मी एकदा वैतागून म्हणाले, तर म्हणतात, "आणि पुढे काय होतं ते बघतेस ना?" त्यावर किचनमधून मामींचा आवाज आला, "ऐकू येतंय हो मला!"

मग गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला, आणि तोही फार उशिरा कळला. हॉस्पिटलमधली डॉक्टर म्हणाली, गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती टिकवू. या उन्हाळ्यात शांत रस्त्यांवर सांभाळून सायकल चालवा, पुढचं पुढे बघू. त्या 'पुढचं पुढे'चा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला, मामांनाही कळला. गाडीची किल्ली त्यांनी त्याच दिवशी मुकाट्यानं मामींच्या हातात दिली. ही फेरी मात्र एकदा, एकदाच, पुरी करायची असं म्हणाले आणि अकरा वर्षांचा नकाशा पुसून नवा आखायला बसले.

नव्या नकाशात सगळी वळणं डावी. डोळ्याचं नाव नाही काढलं, सिद्धांत मांडला. "डावीकडे वळलं की रस्ता आपला. उजवीकडे वळायचं म्हणजे रस्ता ओलांडायचा, दुसऱ्याच्या मेहेरबानीवर." मामींनी चष्मा लावून नकाशा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अहो, ही तर उलटी प्रदक्षिणा! देव उजव्या हाताला हवा."

"मधे देव कुठाय? मधे मेंढ्या आहेत."

"मेंढ्यांत नसतो का देव?"

शेवटी मामींनीच तोड काढली. बोटाएवढा गणपती मामांच्या जाकिटाच्या उजव्या खिशात घालून चेन लावली. कसेही फिरा, देव उजवीकडेच!

जूनमधल्या एका शनिवारी खरंच निघालो. नवऱ्याचा गुडघा नेमका त्याच सकाळी दुखायला लागला, म्हणून गाडी आणि मामा दोन्ही माझ्याकडे आले, वर मामींची धपाटी. सायकलवाटेवर दोन जुने बोगदे लागतात. आत असा अंधार की दिव्याबाहेरचं काही म्हणता काही दिसत नाही. मामा तिथे एकदम खुशीत आले. "इथे आपण दोघं सारखेच गं," म्हणाले. मी उगीच घंटी वाजवली.

दुपारपर्यंत सगळं नकाशाबरहुकूम झालं. आणि परतीच्या वाटेवर, दहाएक मैल उरलेले असताना, मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी पाटी दिसली: डावीकडचा रस्ता बंद, उजवीकडून जा. मामा उतरले. पाटी दोनदा वाचली. "परत फिरू," म्हणाले.

"परत? मामा, आल्या वाटेनं गेलो तर फेरी कसली पुरी होणार?"

"नाही होणार." ते हँडलकडेच बघत होते. "उजवीकडून येणारं मला दिसत नाही गं."

सहा महिन्यांत हे त्यांनी पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. पण मी मुळात जरा आडमुठी. म्हटलं, "मग बघू नका. माझं ऐका." त्यांच्या उजव्या बाजूला सायकल लावून उभी राहिले. "ट्रक आहे, थांबा. मागे लाल गाडी. थांबा, थांबा मामा... चला!" आणि बाकाच्या सावलीसाठीही लेखी पुरावा मागणारा तो माणूस, मान न वळवता, माझ्या एका शब्दावर निघाला.

मैलभरानं शांत रस्ता आला, तशी मी त्यांच्या उजव्या हाताला चालवू लागले. "उजवीकडे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही येत नाहीये."

"येणारं नको. असलेलं सांग. इतकी वर्षं आखलं, आणि निम्मं न बघताच घरी चाललोय."

मग मी सांगत गेले. ओढा. पांढरं फाटक. शेपटीनं माश्या हाकणारा घोडा. दोरीवर वाळत घातलेले कुणाचे तरी पायमोजे, सगळे हिरवे. मामा हसत होते, मधेच "किती?" विचारत होते. मार्केट हार्बरोच्या कार पार्कमध्ये शिरलो तेव्हा माझा घसा बसला होता. फेरी पुरी झाली होती. मी उतरले. मामा उतरेनात. एक पाय टेकून तसेच बसून राहिले.

"आणखी?" ते म्हणाले.

उजव्या हाताला नुसती विटांची भिंत होती. मी तिची वीट न् वीट सांगितली.