शेजारी-शेजारी की पुढे-मागे?

“ताई, शेजारी-शेजारी बसायची गाडी चांगली की पुढे-मागे?”

तन्वीने विचारलं. तिच्या शेजारी स्टुलावर तिचा अडीच वर्षांचा विहान उभा होता. तो माझ्या काउंटरवरचे खुळखुळे एकेक करून खाली टाकत होता. मी ते उचलायच्या निमित्ताने खाली वाकले. तेवढाच विचार करायला वेळ मिळाला.

रत्नागिरीच्या बाजारपेठेत लहान मुलांच्या वस्तूंचं माझं दुकान आहे. झबली, दुपटी, पाळणे, साध्या बाबागाड्या, सगळं ठेवते. पण डबल स्ट्रोलर, म्हणजे दोन मुलांना एकदम बसवून ढकलायची गाडी, मी तोपर्यंत कधी विकली नव्हती. कुणी मागितलीच नव्हती.

तन्वी मांडवीला राहते. नवरा निनाद बोटीवर इंजिनियर. घरात ती, सासूबाई, विहान आणि दीड महिन्याची मुलगी. गेल्याच आठवड्यात ती बाळाला पाजत असताना विहानने फाटकाची कडी काढली आणि थेट रस्त्यावर पळाला. रिक्षावाल्याने कचकन ब्रेक मारला म्हणून वाचला.

“तेव्हापासून बाहेरच पडले नाही,” ती म्हणाली. “एकीला उचललं की दुसरा सुटतो. आज सासूबाईंकडे बाळ ठेवून आलेय.”

मी कोल्हापूरच्या डिस्ट्रिब्युटरला फोन लावला.

“डबल? रत्नागिरीत?” तो हसला. “मॅडम, दोन्ही टाइप पाठवतो. बघा, दाखवा, नको ती परत करा.”

गाड्या आल्या. मी माहितीपत्रक वाचायला बसले आणि आणखीच गोंधळले. साइड-बाय-साइड म्हणजे दोन सीट शेजारी-शेजारी. गाडी रुंद, पण वळवायला हलकी. टँडम म्हणजे एकामागे एक सीट. गाडी अरुंद, पण लांबलचक. रिक्लाइन म्हणजे पाठ किती मागे झुकते ते. तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते, त्यामुळे त्याला जवळजवळ सपाट झोपवावं लागतं. साइड-बाय-साइडच्या दोन्ही सीट सपाट होत होत्या. टँडमची फक्त मागची. एवढं समजलं. पण कुठली घ्यायची, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

निनादची बोट तेव्हा दूरच्या एका बंदरात लागली होती. त्याने व्हिडिओ कॉल केला.

“ताई, टँडमच द्या. मी सगळे रिव्ह्यू वाचलेत.”

“तन्वीला फोटोत साइड-बाय-साइड आवडलीय.”

“हो, त्याचेही रिव्ह्यू चांगले आहेत,” तो म्हणाला. “तुम्ही रोज गाड्या विकता ना? तुम्हीच सांगा.”

मी काय सांगणार होते? शेवटी दोन्ही गाड्या टेम्पोत टाकल्या आणि मांडवीला गेले.

सासूबाई, सुलभाकाकू, पडवीत बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गाड्या बघून म्हणाल्या, “अगो वैशाली, ह्यात पोरं बसायची की बाजार आणायचा? आम्ही नाय वाढवली पोरं?”

तन्वीने अंगणात साइड-बाय-साइड गाडी उघडली. एका बाजूला बाळाला आडवं ठेवलं, दुसऱ्या बाजूला विहानला बसवून पट्टे लावले. मला वाटलं, आता हा रडून गोंधळ घालणार. पण त्याने बाळाकडे वळून बघितलं, हात लांब करून तिचा पाय धरला आणि चक्क शांत बसला. तन्वीने अंगणात दोन फेऱ्या मारल्या. छान चाललं होतं. मग ती फाटकाकडे निघाली.

गाडी अडकली. त्यांच्या अंगणाला जांभ्या दगडाचा गडगा आहे, म्हणजे बुटकी भिंत. तिच्यात दोन चिऱ्यांच्या खांबांमध्ये अरुंद फाटक. गाडी थोडक्यासाठी जात नव्हती. तिरकी केली, मागून ओढली. नाहीच.

मग टँडम. ती फाटकातून अलगद बाहेर गेली. मला हायसं वाटलं. पण बाळ मागच्या सीटवर, विहान पुढे. त्याला बहीण दिसेना. तो पट्ट्यातून अंग काढून उभा राहायला लागला. रस्त्याच्या कडेला एक उंचवटा आला. तिथे मागचा दांडा दाबून पुढची चाकं उचलावी लागतात. पुढे विहानचं वजन. तन्वीचं सिझेरियन झालेलं. तिने दांडा दाबला आणि पोटाला हात लावून थांबली.

“हिच्या सीटचं छप्पर इतकं खाली, की हिचं तोंडही दिसत नाही मला इथून,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

आम्ही परत अंगणात आलो. एक गाडी चांगली होती, पण घराबाहेर पडत नव्हती. दुसरी बाहेर पडत होती, पण चांगली नव्हती. माझं डोकं चालेना. एकच साधी बाबागाडी घे आणि बाळाला अंगाशी बांधायची पिशवी घे, असं सांगायच्या बेतात होते. पण पोटावर टाके असताना ते तरी कसं सांगायचं?

“तुला जायचंय तरी कुठे?” मी विचारलं. खरं तर वैतागूनच.

“समुद्रावर,” तन्वी म्हणाली. “इथे मागेच तर आहे. संध्याकाळी दोघांना घेऊन जायचं, थोडं बसायचं आणि यायचं. कुणाची वाट न बघता.”

सुलभाकाकू बाळाला थोपटत होत्या. मग म्हणाल्या, “त्या रुंद गाडीत पोरगा गप बसला होता.”

“हो, पण ती फाटकातून जात नाही ना, काकू.”

“मग? फाटक सरकारचं आहे काय?”

तन्वीने वळून फाटकाकडे बघितलं.

“निनादचे बाबापण बोटीवरच होते,” त्या म्हणाल्या. “मी दोन पोरांना घेऊन कुठे गेले ते विचार. या पडवीतून त्या पडवीत. हिने पण तेच करायचं काय?” मग माझ्याकडे वळून, “ती लांब गाडी ने परत. गवंड्याला मी बोलावते.”

टेम्पोत एकच गाडी घालून मी दुकानात आले. गवंड्याने एक खांब काढून पलीकडे सरकवला. नवीन फाटक रुंद आहे आणि त्याची कडी विहानच्या हाताला लागणार नाही इतकी उंच. पहिल्या संध्याकाळचा फोटो तन्वीने मला पाठवला. वाळूत चाकं रुततात, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, आणि कठड्यावर सुलभाकाकू पाय सोडून बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं होतं की त्या आपणहून गेल्या, ते मी विचारलं नाही.

टँडम परत पाठवली तेव्हा डिस्ट्रिब्युटरने विचारलं, “मॅडम, कस्टमरने कसं सिलेक्ट केलं?”

“खांब पाडून,” मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही.

आता डबल स्ट्रोलर मागायला कुणी आलं, तर मी माहितीपत्रक काढत नाही. आधी विचारते, जायचंय कुठे? मग विचारते, फाटक किती रुंद? दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर गवंड्याचा नंबर देते.