काय म्हणून हाक मारू?

अंजनाबाईंच्या घरी कुणी नवीन माणूस राहायला आलं, की त्याचे कागद बघण्याआधी बाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायच्या आणि म्हणायच्या, "मी अंजना. तुमाले काय म्हणून हाक मारू?" आजार, वय, गाव, लेकरं कुठं असतात, हे सगळं मागून. जात तर कधीच नाही. आलेलं माणूस गोंधळून जायचं. जन्मात हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसायचा.

खापरखेड्याच्या रस्त्याला बाईंचं घर आहे. पाटीवर 'मैत्री शुश्रूषा केंद्र' असं झोकात रंगवलंय, पण ऑटोवाल्याला तसं सांगा, तो डोकं खाजवत बसेल. 'बाईचं नर्सिंग होम' म्हणा, सरळ दारात आणून सोडतो. अंथरुणाला खिळलेली, विसरभोळी झालेली, कुणाला नकोशी झालेली म्हातारी माणसं इथं राहतात. एकाच चुलीवरचं जेवतात आणि रोज नेमाने भांडतात.

या प्रश्नाचा जन्म मात्र रामदासपेठेतल्या एका दवाखान्यातला. बाई तिथं नर्स होत्या आणि तिथं माणसाला खाटेच्या नंबरानं ओळखायचे. एक म्हातारे शेतकरी कुठल्याच हाकेला डोळे उघडेनात. बाईंनी त्यांच्या बायकोला विचारलं, "घरी काय म्हणता यांना?" ती लाजून अर्धी झाली. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? शेवटी पदराआडून म्हणाली, "आमी त्याइले 'आयकलं का' म्हणतो." अंजनाबाई म्हाताऱ्यांच्या कानाशी वाकल्या आणि तिच्याच सुरात म्हणाल्या, "आयकलं का?" म्हाताऱ्यांनी डोळे उघडले आणि खेकसले, "काय हाय?"

हा किस्सा बाई इतक्यांदा सांगायच्या की घरातल्या खाटांनासुद्धा पाठ झाला असेल. पण नोकरी संपल्यावर, नवरा आधीच गेलेला असताना, त्यांनी आपल्या राहत्या घरात खाटा टाकल्या त्या याच किश्श्याच्या जोरावर. घरात उंचेपुरे, सुपारीच्या झाडासारखे सरळसोट रुपराव पाटील आले. मिशीला पीळ देत म्हणाले, "मले ढेमसं म्हणा." लहानपणी म्हणे ते भाजीच्या ढेमशासारखे गोल होते आणि त्यांची आई त्यांना तसंच म्हणायची. मग काय, सगळं घर पाटलांना ढेमसं म्हणू लागलं आणि पाटील खुशीत. किन्नरांच्या डेऱ्यात आयुष्य गेलेली, गुडघ्यांनी पार बसवलेली वैभवी आली, तेव्हा तिच्या सगळ्या कागदांवर पुरुषाचं नाव होतं. बाईंनी कागद पालथे ठेवले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. वैभवीनं नाव सांगितलं आणि मग बराच वेळ रडत राहिली.

बाईंचा आणखी एक हट्ट होता. कुणालाही भरवायचं तर आधी स्वतः जेवायचं. भुकेलं माणूस घाईनं घास कोंबतं, असं त्यांचं म्हणणं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्या भरवायला निघालेल्या पोरीला विचारायच्या, "जेवली काय वं?" उत्तर द्यायला क्षणभर अडखळलं, की हातातली वाटी काढून घेतलीच म्हणून समजा.

या हट्टी बाईच्या हाताखाली दीक्षा तयार झाली. नर्सिंगचा कोर्स संपवून ती पहिल्या दिवशी आली, तेव्हा बाईंनी तिलाही विचारलं. "दीक्षा," ती म्हणाली. आणि कुणी काही म्हटलेलं नसताना फणकारली, "फक्त दीक्षा." बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं वं. दीक्षा तर दीक्षा." पुढं इतक्या वर्षांत त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. आता सारं घर दीक्षाच चालवते.

या हिवाळ्यात बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण दवाखान्यातून परत आल्या त्या दगड होऊन. डावं अंग लुळं, डोळे मिटलेले, ओठ घट्ट. "गिळता येतं त्यांना," डॉक्टर म्हणाले, "पण तोंडच उघडत नाहीत. आज संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाही, तर मी नाकातून नळी टाकीन."

नळीचं नाव ऐकताच दीक्षाला बाईंचे शब्द आठवले. बाईंनी कितीदा तिला बजावलं होतं, "मले नळी लावू नको बाप्पा. तोंड हाय तवरीक तोंडानंच." सकाळपासून दीक्षा गोड वरण-भाताची वाटी घेऊन त्यांच्यापाशी बसली होती. बाई म्हणून झालं, सिस्टर म्हणून झालं, अंजनाबाई, आजी, माय, सगळं झालं. वैभवीनं टाळ्या वाजवून पाहिल्या. रुपरावांनी शेतात राखण करताना देतात तशी आरोळी ठोकली. पापणीसुद्धा हलली नाही.

आणि तेव्हा दीक्षाच्या लक्षात आलं की सगळ्यांना नाव विचारणाऱ्या या बाईला तिचं घरचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. तिनं इंदोऱ्याला फोन केला आणि बाईंच्या थोरल्या भावाला, देवरावांना, बोलावून घेतलं.

देवराव दुपारी आले. प्रश्न ऐकून खाटेच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "कचरी. हिच्या आधीचे दोन लेकरं गेले होते. हे तरी जगावं, कोणाची नजर लागू नये, म्हणून मायनं कचरी ठेवलं. माय मायेनं म्हणे. गावातले मात्र आमची जात पाहून म्हणत, ए कचरे, हो बाजूले. छप्पन साली धम्माची दीक्षा घेऊन घरी आलो त बाप म्हणे, आजपासून ही अंजना. तवापासून कचरी हे नाव कोणी घेतलं नाही."

नाव हाती आलं आणि दीक्षाची जीभ रेटेना. दारावरून ऊन उतरायला लागलं होतं. शेवटी देवरावच वाकले आणि म्हणाले, "कचरे... ओ कचरे..."

बाईंनी डोळे उघडले. बाईंनी भावाकडे पाहिलं आणि हळूहळू भिंतीकडे तोंड फिरवलं. डोळ्यातून एक धार कानाकडे गेली. देवराव तोंडावर दुपट्टा धरून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

दीक्षाला स्वतःचा भयंकर राग आला. बाईंनी कधी 'लोक तुम्हाला काय म्हणत होते' असं विचारलं होतं का? त्या विचारायच्या, काय म्हणून हाक मारू. आणि त्याच्याही आधी आपलं नाव सांगायच्या. इतकी वर्षं रोज ऐकूनही आपण पहिलं वाक्य विसरलोच!

तिनं खुर्ची उचलली आणि भिंतीच्या बाजूला, बाईंचं तोंड होतं तिकडे नेऊन ठेवली.

"बाई, मी दीक्षा," ती म्हणाली. "घरी मले काळी म्हणत. आजी म्हणे, काका म्हणे, शाळेतही तेच. तुमी विचारलं तवा म्हणूनच मी हे सांगितलं नाही. तुमी पुन्हा विचारलंही नाही, म्हणून तर मी इथं टिकली, बाई." डोळे पुसून तिनं पुढचं विचारलं, "आता तुमी सांगा. तुमाले काय म्हणून हाक मारू?"

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग ओठांची उजवी बाजू हलली.

"दी... क्षा."

काळी नाही. दीक्षा. वैभवीनं तोंडावर हात दाबून धरला. बाईंची नजर दीक्षाच्या चेहऱ्यावरून खाली वाटीवर गेली, पुन्हा वर आली. कपाळावर ती ओळखीची आठी पडली.

"जेवली... काय... वं?"

सकाळपासून दीक्षाच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता. ती खोटं बोलणार होती, पण या बाईपुढं ते कधी जमलं होतं? तिनं नाही म्हणून मान हलवली.

बाईंचा चांगला हात पांघरुणातून बाहेर आला. चाचपडत वाटीत शिरला. बोटांनी भात कसाबसा गोळा केला आणि घास वर उचलला. अर्धा चादरीवर सांडला, थोडा दीक्षाच्या हनुवटीला लागला. उरलेला तिनं तोंड उघडून घेतला आणि रडत रडत चावला. बाई तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होत्या. घास पूर्ण उतरेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.

"आता तुमी," दीक्षा म्हणाली.

बाईंनी आ केला.