छबूबाईची हाळी

सांगवीच्या शिवारात ऊस डोक्याच्या वर गेला की माणूस माणसाला दिसत नाही. पाचट काढायला आत शिरलेल्या बायका दोन हातांवर असल्या तरी एकमेकींची फक्त सळसळ ऐकतात. म्हणून गेणबाची आई छबूबाई टोळीच्या पुढं चालताना थोड्या थोड्या वेळानं हाळी द्यायची. "हायसा का गंऽऽ!" आवाज तीन पायऱ्या चढायचा, वर जरा थरथरायचा आणि विहिरीत पोहरा सोडावा तसा खाली उतरायचा. मग उसाच्या पोटातून एकेकीचा जबाब यायचा, "हाय गंऽ." तीन हाळ्यांना जबाब आला नाही तर हातातलं टाकून तिकडं पळायचं, हा टोळीचा नियम. असं पळाल्यामुळंच एकदा पान लागलेली, म्हणजे साप चावलेली एक बाई वेळेवर दवाखान्यात पोचली आणि वाचली.

छबूबाईला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तिचा एकही फोटो नाही. राहिली ती हाळी, आणि ती गेणबाच्या क्लॅरिनेटमध्ये राहिली.

गेणबा वर्षभर तीस गुंठ्यांत दोडका, घेवडा करायचा आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचा. कुणी शिकवलं नव्हतं, कानानंच शिकला. त्यांच्या बँडची एक रीत पडली होती. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला देवळात गेला की ढोल, ताशा, सगळं थांबायचं. गेणबा दारात उभा राहून क्लॅरिनेटवर हाळी द्यायचा. त्याचा धाकटा मामेभाऊ, ट्रम्पेटवाला रामहरी, वऱ्हाडाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन थांबलेला असायचा. त्यानं गर्दीवरून जबाब द्यायचा. दर लग्नात हाळी थोडी वेगळी वळायची, जबाबही वेगळा यायचा. ठरवलेलं काहीच नसायचं. जुन्या जाणत्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

वालचंदनगरला एका लग्नात ही हाळी चिंतामणरावांनी ऐकली. नेमकी तेव्हाच फटाक्यांची माळ लागली, त्यामुळं रामहरीचा जबाब तेवढा त्यांच्या कानी आला नाही. चिंतामणराव निवृत्त इंजिनिअर. हौसेनं सॅक्सोफोन शिकलेले, घरात जुन्या तबकड्यांचं कपाट. लग्न उरकल्यावर ते गेणबाला हाताला धरूनच घरी घेऊन गेले.

"गेणबा, तुम्ही काय वाजवलंत ठाऊक आहे का तुम्हाला?"

"आईची हाळी, साहेब."

"अहो, जॅझचं मूळ आहे हे!"

त्या दिवसापासून गेणबा दर सोमवारी बाजारात भाजी घालून परतताना त्यांच्या व्हरांड्यात टेकू लागला. चिंतामणराव सांगायचे आणि गेणबा चहा निवेपर्यंत ऐकायचा. अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणारे गुलाम अशाच हाळ्या द्यायचे. एकानं सूर टाकायचा, बाकीच्यांनी झेलायचा. न्यू ऑर्लिन्स नावाच्या गावात रविवारी एका मैदानात त्यांना नाचगाण्याची मुभा होती. पुढं गुलामी संपली, पलटणींच्या बँडची वाद्यं स्वस्तात हाती आली आणि शेतातली हाळी पितळेत शिरली. मयताला जाताना संथ वाजवायचं, माती देऊन परतताना नाचरं. कागद समोर नाही, वाजवता वाजवताच रचायचं.

"म्हंजी आमच्यावानीच की," गेणबा म्हणायचा आणि त्याचा ऊर भरून यायचा. सातासमुद्रापलीकडची ती माणसं त्याला भावकीतली वाटू लागली.

एका सोमवारी चिंतामणराव म्हणाले, "पण पहिली तबकडी कुणाची निघाली? १९१७ साली, गोऱ्या वादकांची. ज्यांनी हे घडवलं ते मागंच राहिले. असं सांगतात, एक काळा वादक बोटांवर रुमाल टाकून वाजवायचा. का? तर कुणी बोटं बघून चोरू नये."

"रुमालानं काय हुतंय, साहेब? कान उघडंच की लोकांचं."

चिंतामणराव हसले. मग त्यांनी फोन पुढं केला. "तुमची हाळी यात घेऊ द्या. बारामतीला माझं व्याख्यान आहे, जॅझच्या जन्मावर. शेवटी मी ही वाजवीन आणि छबूबाईंचं नाव घेईन. भर सभेत. शब्द देतो."

गेणबानं डोळे मिटून वाजवलं. रामहरी बरोबर नव्हता, त्यामुळं जबाब काही फोनमध्ये गेला नाही. फक्त हाळी गेली.

व्याख्यानाच्या संध्याकाळी गेणबानं बँडचा लाल कोट इस्त्री करून घातला. रामहरीनं दाढी केली. सभागृहात दोघं तिसऱ्या रांगेत बसले.

"आप्पा, आत्याचं नाव माइकवर घेणार म्हंजी कसं घेणार वो? छबूबाई का श्रीमती छबूबाई?"

"गप बस. कसं बी घेऊ दे."

चिंतामणराव सुरेख बोलले. गुलाम, मैदान, मयताचा बँड, सगळं आलं. बोटांवरच्या रुमालाची गोष्ट आली तेव्हा लोक हळहळले. मग त्यांनी सॅक्सोफोन गळ्यात अडकवला.

"आता शेवटी माझी एक रचना. तिचं नाव 'नीराकाठ'."

रामहरीनं गेणबाकडं पाहिलं. गेणबा समोर पाहत होता. नाव विसरले असतील, वाजवून झाल्यावर घेतील, असं तो स्वतःला समजावत होता.

हाळी सुरू झाली. तीन पायऱ्या चढली, थरथरली, उतरली. पुढं मोकळी जागा. जबाब नाही. पुन्हा हाळी. पुन्हा मोकळं. तिसऱ्यांदा हाळी आली आणि शांत झाली, तेव्हा गेणबाचे पाय आपोआप उचलले गेले. तो उभा राहिला. तिकडं पळायला हवं, एवढंच त्याच्या अंगाला कळत होतं.

चिंतामणरावांनी त्याला पाहिलं. क्षणभर चपापले. मग माइक ओढून हसत म्हणाले, "बघा! आमचे बँडवाले मित्र उभं राहून दाद देताहेत!"

सगळं सभागृह उठलं. टाळ्यांचा पाऊस पडला. त्या टाळ्यांच्या मधोमध गेणबा लाल कोटात उभा होता. छबूबाईचं नाव कुणी घेतलं नाही.

लोक पांगल्यावर तो विंगेत गेला.

"साहेब, नाव ऱ्हायलं."

चिंतामणराव सॅक्सोफोन पुसत होते. "गेणबा, असं बघा, ही लोकधून आहे. लोकधुनेला मालक नसतो. मी तिला घाट दिला."

"मालक कुठं म्हणतोय मी? आई हुती ती."

"तुम्ही भावुक होताय."

"व्हय. तुमीच शिकिवलं की. ती गोरी मान्सं वंगाळ, असं सोमवारचं सोमवार तुमीच सांगत हुता न्हवं?"

चिंतामणराव पुन्हा सॅक्सोफोन पुसू लागले. पण मनात एक किडा होता, तो त्यांना गप्प बसू देईना. दबक्या आवाजात ते म्हणाले, "एक विचारू? हाळी संपली की जागा मोकळी राहते. तिथं काहीतरी येतं, असं मला सारखं वाटतं. काय येतं तिथं?"

रामहरी तोंड उघडणार होता. गेणबानं त्याच्या दंडाला धरलं. खिशातला रुमाल काढला, तो आपल्या उजव्या हाताच्या बोटांवर पसरला आणि हात चिंतामणरावांपुढं धरला. मग वळला.

पुढच्या आठवड्यात कोऱ्हाळे बुद्रुकला लग्न होतं. नवरदेव मारुतीच्या देवळात गेला, ढोल थांबले. रामहरी सवयीनं गर्दीच्या पार टोकाला जाऊन ट्रम्पेट ओठाला लावून थांबला. गेणबानं क्लॅरिनेट उचललं. आजूबाजूला आठ-दहा फोन वर झाले. एक करवली मैत्रिणीला म्हणाली, "थांब गं, आता ते नीराकाठ वाजवतील बघ. फोनवर आलंय, वालचंदनगरच्या साहेबांचं."

करवलीचं बोलणं गेणबानं ऐकलं तेव्हा क्लॅरिनेट त्याच्या ओठाशी होतं. त्यानं ते खाली घेतलं. देवळात घंटा वाजली, नवरदेव बाहेर आला, तरी हाळी आली नाही.

पलीकडं रामहरीनं वाट पाहिली. मग ट्रम्पेट काखेत मारून तो वऱ्हाडातून धक्के देत, कुणाच्या पायावर पाय देत पळत आला. धापा टाकत म्हणाला,

"आप्पा, हायसा का?"

गेणबाला जबाब द्यायचा होता. तो सोपा होता, एका शब्दाचा. पण करवलीचा फोन अजून वरच होता, जबाबही त्यात गेला असता. त्यानं नुसती मान डोलावली.