देखणा बडग्या

नागपूरच्या महाल भागातल्या त्या गल्लीत कुणाकडं कुठली डाळ शिजते हे वासावरून कळतं, आणि प्रेमिलाबाई निखारेंचं मन कसं आहे हे त्यांच्या पार्लरच्या खिडकीवरून. खिडकीतून चकोरचं गाणं आलं की समजायचं, आज आयब्रो हलक्या हातानं होणार. गाणं नसलं तर शहाण्या बायका जिन्यावरूनच परत फिरतात. वॅक्सिंग तर त्या दिवशी कुणी शत्रूलाही सुचवत नाही.

चकोर म्हणजे तो गाणारा पोट्टा, नागपूरजवळच्या पारशिवनीचा. त्याचं पहिलंच गाणं आठवडी बाजारातल्या गर्दीवर होतं आणि ते त्यानं असं खच्चून म्हटलं होतं की ऐकणाऱ्याला धक्के बसल्यासारखं व्हायचं. त्यावर आख्ख्या नागपुरातल्या वराती नाचल्या. मग तो मुंबईला गेला, केस सोनेरी करून घेतले, मोठा झाला. प्रेमिलाबाईंनी त्याला प्रत्यक्ष पाहिलं ते एकदाच, मैदानावरच्या कार्यक्रमात, तेही इतक्या लांबून की चकोर कोणता आणि त्याचा गिटारवाला कोणता, यावर घरी येईपर्यंत वाद चालला होता. पण त्या दिवसापासून बाई कामातून गेल्या. वय एकोणपन्नास, दोन मुली लग्न होऊन आपापल्या घरी, नवरा वामनराव हार्डवेअरच्या दुकानात, आणि पार्लरच्या आरशावर चकोर.

"लग्नाच्या वक्ती माहा फोटो पर्समध्ये ठेवे," वामनराव पानठेल्यावर सांगायचे. "आता पर्समध्ये तो पोट्टा हाये. मी आधार कार्डाच्या मागं."

कुणी चकोरला नावं ठेवली की प्रेमिलाबाई त्याला अशी झोडपायच्या की पुढच्या वेळी तो माणूस गल्ली बदलून जायचा. समोरची कामिनी, जिचं फॉल-पिकोचं दुकान आहे, ती एकदा म्हणाली, "नाकात गाते वं तुहा चकोर." त्यानंतर तीन महिने कामिनीची एक भुवई दुसरीपेक्षा जाड दिसत होती. प्रेमिलाबाई म्हणतात योगायोग.

श्रावणात चकोरचा नवा अल्बम आला. नाव, 'धुक्यातला मी'.

प्रेमिलाबाईंनी दुपारी पार्लर बंद केलं, पंखा लावला, कानात इयरफोन घातले आणि डोळे मिटले. पहिलं गाणं संपलं तेव्हा त्यांना वाटलं, आवाज कमी आहे. दुसऱ्या गाण्याला फोन चार्जिंगला लावून पाहिला. तिसऱ्याला कापसानं इयरफोन पुसले. चौथ्या गाण्यापाशी बाईंना कळून चुकलं की फोन ठणठणीत आहे आणि कानही. चकोर गातच नव्हता. चकोर उसासे टाकत होता. मध्येच "मी... मी कुठे..." असं काहीतरी पुटपुटायचा, मग पियानोवर एक सूर, मग पुन्हा उसासा.

संध्याकाळी कामिनीनं दुकानातूनच विचारलं, "कसा हाये वं अल्बम?"

"एक नंबर!" प्रेमिलाबाई म्हणाल्या, आणि त्यांची डावी भुवई वर गेली.

बाई खोटं बोलल्या की ती भुवई आपोआप वर चढते. वामनरावांना हे लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं, कामिनीला तर गिऱ्हाइकांनी सांगायचीही गरज पडली नाही. ती गालातल्या गालात हसली आणि पिकोचं मशीन चालू केलं.

आता बाईंपुढं खरं संकट उभं राहिलं. चकोरनं जाहीर केलं की नागपुरात कार्यक्रम आहे. चाहत्यांनी अल्बमबद्दल मनापासून मत सांगणारा व्हिडिओ पाठवावा, ज्याचं मत आवडेल त्याला स्टेजवर शेजारी बसवणार. शेजारी! गिटारवाल्याचा घोळच नको. बाईंनी लिपस्टिक लावली, आरशापुढं फोन टेकवला आणि म्हणाल्या, "चकोर, तुझा अल्बम म्हणजे..." भुवई वर. पुन्हा घेतलं. पुन्हा वर. एकदा तर सेलोटेप लावून पाहिली. वामनराव दारातून म्हणाले, "अवं, खरं काय ते सांगून टाक नं."

"खरं सांगितलं तर बोलावन का मले? आन् मीच असं म्हटलं तर लोकं काय म्हनतीन? पोट्ट्याचं माह्याशिवाय हाये कोन इथं?"

वामनरावांनी दुकानाची किल्ली उचलली. आधार कार्डाच्या मागून माणूस फार बोलत नाही.

इतक्यात पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा, निघते आणि तिच्यासोबत गल्लोगल्लीचे बडग्येही. ज्यानं वर्षभर लोकांचं डोकं खाल्लं त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, "घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडत शहरभर मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. गल्लीच्या बडग्याचं तोंड दरवर्षी प्रेमिलाबाईच रंगवतात. मागच्या साली खड्ड्यांचा बडग्या होता, त्याच्याही ओठांना त्यांनी आउटलाइन केली होती.

मंडळाचा दुर्गेश जिना चढून आला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, स्वभावानं आगलाव्या.

"काकू, यंदा बडग्या चकोरचा."

"तुह्यं डोकं फिरलं का बे?"

"काहून? मागच्या हप्त्यात माह्या मावसभावाच्या वरातीत डीजेवाल्यानं नवं गानं लावलं. घोडा झोपला, काकू. नवरदेव वरच होता."

पाठोपाठ कामिनी आलीच होती, धाग्याचं रीळ हातात घेऊन. "असं करा," ती गोड आवाजात म्हणाली. "प्रेमिलानं फकस्त म्हनावं, अल्बम चांगला हाये. मंग आपन दुसरा विषय घेऊ."

सगळे बाईंच्या कपाळाकडं बघायला लागले. बाईंनी तोंड उघडलं. भुवई निघाली ती थेट भांगापर्यंत. बाईंनी तोंड मिटलं.

"आना ते तोंड इकडं," शेवटी त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोनाच्या हातात देईन तर माकड करतीन पोट्ट्याचं."

आणि तिथंच घात झाला. बडग्या कसा हवा? डोळे वटारलेले, दात बाहेर, बघून हसू यावं. प्रेमिलाबाई तसंच करायचं ठरवून बसल्या, पण हात ऐकेना. त्यांनी फाउंडेशन लावलं. गाल उठावदार केले. भुवया तर अशा काढल्या की खुद्द चकोरच्या कधी नव्हत्या. सोनेरी केसांना सीरम चोळलं. सकाळी पोट्टे बडग्या उचलायला आले.

"काकू, हा बडग्या हाये का नवरदेव?" दुर्गेश रडवेला झाला.

वेळ नव्हता, निघाले. रस्त्यात दुसऱ्या गल्ल्यांचे बडग्ये जात होते, लोक त्यांना शिव्या घालत होते, खदाखदा हसत होते. यांच्या बडग्यापाशी आले की पोरी सेल्फी काढायच्या. एका आजीनं त्याला कुंकू लावून अलाबला घेतली. ढोलवाल्यांना कळेना, मिरवणुकीचं वाजवावं की लग्नाचं. गल्लीची पार फजिती होऊन राहिली होती.

"पाटी कोरी हाये अजून," दुर्गेशनं मार्कर बाईंपुढं धरला. "आता तुमीच लिहा. नाहीतर म्हना, अल्बम चांगला हाये, वापस जाऊ."

प्रेमिलाबाईंनी बडग्याकडं पाहिलं. इतका देखणा चेहरा, आणि खाली बांबूचा सापळा. एकदम त्यांच्या मनात आलं, हे पोरगं मुंबईत धड जेवत नसावं. म्हणून असं पुटपुटतं. त्यांनी मार्कर ओढला आणि पाटीवर हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं: "आधी पोटभर जेव. मग गा."

मग माइक हातात घेतला.

"चकोरचे उसासे!" बाई ओरडल्या.

गर्दी गरजली, "घेऊन जाय गे मारबत!"

"चकोरचं धुकं!"

"घेऊन जाय गे मारबत!"

"मी कुठे, मी कुठे, काय लावलं बे! पारशिवनीचा हायेस तू! चकोरचं डायटिंग!"

"घेऊन जाय गे मारबत!"

ढोलवाल्यांना आता बरोबर सूर सापडला. बाई गरगर फिरत होत्या, पदर कमरेला, आणि दोन्ही भुवया अगदी जागच्या जागी. वामनराव, ज्यांनी स्वतःच्या वरातीतही पाय हलवला नव्हता, ते खांदे उडवत होते. कामिनी नाचता नाचता कानाशी आली, "परवा तर एक नंबर म्हनत होती वं?"

"परवा खोटं बोलत होती, आता खरं बोलून राहिली. नाच तू!"

जाळायच्या वेळी मात्र बाई आडव्या आल्या. धड जाळा, पाटी जाळा, पण डोकं द्यायचं नाही. "रोग जाळतेत, रोग्याले नाही." दुर्गेशनं हात जोडले. डोकं स्कूटरवर बाईंच्या मांडीवर बसून घरी आलं, आणि सिग्नलला रिक्षावाल्यानं वामनरावांना विचारलं, "पोरगा हाये का, भाऊ?"

दुर्गेशनं काढलेला व्हिडिओ बाईंनी स्वतःच्या हातानं चकोरला पाठवला. खाली लिहिलं, 'मनापासून मत.'

स्टेजवरची खुर्ची अर्थात गेली. ती मिळाली शहरातल्याच बेसा भागातल्या एका श्वेताला, जिनं व्हिडिओत हुंदके देत सांगितलं की अल्बमनं तिचं आयुष्य बदललं. प्रेमिलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, नाही असं नाही. दिवसभर कुणाला त्यांच्यासमोर बसायचं धाडस झालं नाही. चकोरकडून आलं ते फक्त एक लाल बदाम. तो त्यानं स्वतः दिला की त्याच्या ऑफिसातल्या कुणी, यावर गल्लीत दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्ष चहाला पार्लरमध्येच बसतात.

बाई कुठल्याच पक्षात नाहीत. त्यांना वेळ कुठं आहे? एकदा खरं बोलायची चटक लागली ती सुटेना. रोज एका गाण्याचं मत आवाज भरून पाठवतात. चौथ्या गाण्यात शेवटी तू विसरून ओरडलास, तेवढं झकास. दाढी काढ. त्या पियानोवाल्याला सुट्टी दे.

परवा वामनराव हे ऐकत बसले होते. मनात काय आलं कुणास ठाऊक, म्हणाले, "असं मनापासून मत माह्याबद्दल बी देशीन का वं?"

प्रेमिलाबाईंनी फोन खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बसा. चहा मांडू का आधी? वेळ लागन."

वामनराव चपला पायात घालून पानठेल्यावर निघून गेले.